टाका आणि फंदा : दोन सुयांच्या विणकामाचा घरगुती इतिहास

वाचकहो, या व्याख्यानमालेत राज्यांचे, ग्रंथांचे आणि थोर माणसांचे इतिहास पुष्कळ सांगून झाले. मी आपल्यापुढे ठेवीत असलेला विषय फारच लहान आहे. इतका, की तो आपल्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत मावेल. दोन सुया, लोकरीचा एक गुंडा आणि सुलट-उलट असे दोन टाके. या दोन टाक्यांचा इतिहास कुणी सलग लिहून ठेवलेला नाही, पण इंदुरातल्या जुन्या मराठी घरांतून तो अजून पुरता गेलेलाही नाही. तो जाण्यापूर्वी बोलावे, एवढाच हेतू.

या विषयाकडे मी वळले ती आईच्या पेटीमुळे. तिच्या माघारी पेटी उघडली तेव्हा वर एक स्वेटर होता. पाठ झालेली, पुढचे दोन भाग झालेले, एक बाही झालेली. दुसरी बाही मनगटापासून वीतभर विणून सुईवरच राहिलेली. सुया दहा नंबरच्या. टाके मोजले, तर छप्पन्न. नमुना कुठे लिहिलेला नव्हता. आईने तो कधी लिहिला नसणारच, कारण तिला तो लिहून कुणी दिला नव्हता. मी इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवले. मोडी कागद वाचले, शिलालेखांचे ठसे घेतले. पण माझ्या आईच्या हातचे ते वीतभर विणकाम मला वाचता येईना. वयाच्या साठीनंतर मी सुलट टाका शिकायला बसले, ते त्यासाठी.

शिकणाऱ्याला पहिल्याच संध्याकाळी एक गोष्ट कळते. मागावरच्या कापडात ताणा आणि बाणा असे दोन धागे एकमेकांना छेदतात. सुईवरच्या विणकामात धागा एकच असतो. त्याच्या फाशातून त्याचाच दुसरा फासा ओढून काढायचा, एवढाच काय तो व्यवहार. उजवी सुई फाशात पुढून मागे घातली, धागा मागे ठेवून सुईवर घेतला आणि फासा पुढे ओढला, की सुलट टाका. धागा पुढे घेऊन, सुई मागून पुढे घालून फासा मागे ढकलला, की उलट. म्हणजे उलट टाका हा काही निराळा टाका नव्हेच. सुलट टाक्याची ती पाठ आहे. सुलट टाका समोरून वेणीच्या पेडासारखा दिसतो, मागून लहानशा गाठीसारखा. दोन्ही बाजूंनी सुलटच विणत गेले तर आडव्या वरंब्यांची पट्टी होते. एक सुई सुलट आणि एक सुई उलट विणले तर एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी खरबरीत होते. दोन सुलट, दोन उलट असे आलटून पालटून विणले तर मनगटाला आवळून बसणारी, ताणली तरी परत मिटणारी पट्टी तयार होते. जगातले बहुतेक नमुने या दोहोंच्याच मांडणीतून निघतात.

इतिहासात मात्र हे दोन टाके बरोबरीने आलेले दिसत नाहीत. सुयांवर विणलेल्या वस्तूंचे जुने नमुने इजिप्तमध्ये, जुन्या कैरोच्या परिसरात सापडले. ते साधारण ११व्या ते १४व्या शतकांतले आहेत. पायमोजे आणि त्यांचे तुकडे. आणखी गंमत अशी, की त्यांतले कितीतरी लोकरीचे नसून सुताचे आहेत, पांढरे आणि निळीने रंगवलेले. त्याहून जुने मोजेही इजिप्तमध्ये मिळतात, पण ते एकाच सुईने, धाग्याच्या गाठी घालून केलेले असतात. त्यांची रीत वेगळी. पायमोजा चार-पाच सुयांवर गोल विणतात. गोल विणताना काम कधी उलटे फिरवावे लागत नाही, त्यामुळे सुलट टाक्यावरच सगळे भागते. दोन सुयांवर सपाट विणताना मात्र ओळ संपली की काम फिरवायचे आणि मागच्या बाजूने परत यायचे; तिथे उलट टाका लागतो. त्याचा ठळक जुना पुरावा म्हणून इटलीतल्या फ्लॉरेन्सची डचेस एलिओनोरा हिच्या रेशमी पायमोज्यांकडे बोट दाखवतात. १५६२ साली तिला त्या मोज्यांसह पुरले होते. आज कोणतीही आजी पहिल्या आठवड्यात शिकवते तो उलट टाका असा बराच नंतरचा पाहुणा आहे. पुढे १५८९ साली इंग्लंडमध्ये विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र केले. आज आपण ज्याला होजिअरी म्हणतो, त्या धंद्याचे मूळ तिथे आहे.

आता आपल्या घराकडे येऊ. सुया आपल्या नव्हत्या, पण लोकर आपली होती. इंदूरकरांना हे वेगळे सांगायला नको. ज्या मल्हाररावांनी होळकरांची दौलत उभी केली, ते १६९३ साली होळ गावी धनगराच्या घरी जन्मले, आणि लहानपणी त्यांनी मेंढरे राखल्याची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मेंढरांमागे चालता चालता टकळीवर लोकर कातायची, आणि त्या सुताला चिंचोक्याची खळ देऊन सणगरांच्या मागावर घोंगडी विणायची, ही दख्खनची जुनी परंपरा. ब्राह्मणी घरांत लोकरीची धाबळी सोवळ्यात चालत असे. सुती लुगडे धुऊन वाळवल्याशिवाय सोवळ्याचे होत नसे, धाबळीला ती अडचण नव्हती. म्हणजे शेतातला गडी घोंगडी पांघरी आणि स्वयंपाकघरातली बाई धाबळी नेसे. लोकर दोघांच्याही ओळखीची होती. फक्त ती मागावर विणली जाई, आणि माग घरातल्या बाईच्या मांडीवर मावत नसे.

सुया आल्या त्या युरोपीय लोकांबरोबर, आणि मराठी मुलखात त्यांचा प्रसार झाला तो मुख्यतः १९व्या शतकात. अमेरिकन मराठी मिशनची सिंथिया फॅरार १८२७ साली मुंबईत आली आणि पुढे अहमदनगरला तिने मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण तिच्याकडे घेतले. अशा शाळांत अक्षरओळखीबरोबर सुईकाम असे. याच सुमारास विलायतेत विणकामाचे नमुने प्रथमच छापील पुस्तकांत येऊ लागले होते; एडिंबरोच्या जेन गॉगेन या बाईंचे गाजलेले पुस्तक १८४० सालचे. तोवर तिकडेही हे ज्ञान हातातून हातात जात होते.

इंदुरात हा रस्ता दोन बाजूंनी उघडला. १८१८ च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी इथे आली, त्याच वेळी जवळच महूची छावणी बसली आणि शहरात रेसिडेन्सी आली. १८७७ साली कॅनडाच्या प्रेसबिटेरियन मिशनने इथे काम सुरू केले. त्यांच्या स्त्री-कार्यकर्त्या मुलींना शिकवू लागल्या. तुकोजीराव दुसरे यांनी दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून बांधलेली खंडव्याची रेल्वे त्याच सुमारास इंदूरला पोहोचली. १८७६ साली कानपुरात लोकरीची गिरणी निघाली, तिची ‘लाल इमली’ ही खूण पुढे घराघरांत ओळखीची झाली. सुया, लोकर आणि शिकवणारी अशा तिन्ही गोष्टी एका पिढीच्या आत हाताशी आल्या.

पण शाळेत सुई कशासाठी द्यायची, यावर त्या काळी एकमत नव्हते, आणि हा वाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. १८८२ च्या हंटर आयोगाने सुचवले, की मुलींच्या प्राथमिक शाळांचा अभ्यासक्रम मुलांपेक्षा सोपा असावा आणि तो घरगुती जीवनाच्या गरजा व स्त्रियांना करता येण्याजोगे उद्योग पाहून आखावा. त्याच आयोगापुढे पुण्यात पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली, आणि मागितल्या त्या शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर. एकीकडे सुई ही मुलीला घरात बसवण्याची सोय होती. दुसरीकडे, नवरा गेलेल्या, माहेरी-सासरी कुठेच जागा नसलेल्या बाईला चार पैसे मिळवून देणारे तेच एक हत्यार होते. रमाबाईंनी १८८९ साली शारदा सदन काढले आणि पुढे केडगावच्या मुक्ती सदनात हातांच्या उद्योगांना मोठे स्थान दिले. १९०९ साली पुण्याच्या सेवासदनाची धुरा रमाबाई रानडे यांनी घेतली, तिथेही शिवणवर्ग होता. या दोघी सुईकडे करमणूक म्हणून पाहत नव्हत्या. आपल्या घरात कुणी आत्या किंवा मावशी लोकांचे स्वेटर विणून देत असे, आणि त्याविषयी फारसे बोलले जात नसे, असे आपल्याला आठवत असेल, तर तिचा हिशोब याच खात्यावर आहे.

आपल्या पेटीतल्या सुयांच्या टोपणावर आकडा असतो, तोही एक ऐतिहासिक कागदच समजा. दहा नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटर जाडीची, आठ नंबरची चार मिलिमीटरची. आकडा वाढतो तशी सुई बारीक होते, हे शिकणाऱ्याला नेहमी उफराटे वाटते. कारण असे, की इंग्लंडमध्ये सुया तारेच्या करीत आणि त्यांना तारेचेच माप लागू झाले. तार बारीक करण्यासाठी ती एकाहून एक लहान भोकांतून ओढत. जितक्या अधिक वेळा ओढली तितका तिचा नंबर मोठा. तारेच्या कारखान्यातली ती मोजणी आपल्या आजीच्या तोंडी ‘दहा नंबरच्या सुया आण’ म्हणून राहिली.

आता शब्द पाहा, कारण माझ्या मते या विद्येचा इंदुरी इतिहास शब्दांत सर्वांत स्पष्ट दिसतो. मराठीत आपण ‘टाका’ म्हणतो. टाका हा मुळात शिवणाचा शब्द. कापडात सुई घालून काढली की टाका पडतो. विणकामात तर कापडच अजून नसते. इंग्रजीत शिवणाला आणि विणकामाला एकच शब्द आहे. मराठीने ‘टाका’ हा शब्द तसाच दोन्हींकडे लावला. यावरून मला वाटते, की पुण्या-मुंबईकडे ही विद्या शिवणाच्या तासाला, शाळेच्या बाकावर आली, आणि शिवणाच्याच शब्दांत शिकवली गेली. हिंदीत याला ‘फंदा’ म्हणतात. फंदा म्हणजे फास. डोळ्याला सुईवर जे दिसते त्याचेच ते नाव. आपण ओळीला ‘सुई’ म्हणतो, ते ‘सलाई’ म्हणतात. आपले सुलट-उलट, त्यांचे सीधा-उल्टा.

आणि इंदूरच्या मराठी घरांत दोन्ही बोलले जाते. माझी आई दादरहून लग्न होऊन इथे आली तेव्हा ‘टाके घाल’ म्हणे. पन्नास वर्षांनंतर ती नातीला म्हणत होती, ‘साठ फंदे टाक, आणि पहिली सुई सगळी सुलट’. हा बदल कुठून झाला? मुंबईकराला एखाद्या बंडीवर हिवाळा निघतो. माळव्याच्या पठारावर, साडेपाचशे मीटर उंचीवर, पौषातल्या रात्री पारा दहा अंशांच्या खाली जातो. शाळेत शिकलेला टाका दख्खनी मुलीला क्वचितच कामी आला असता, इथे तो दरवर्षी लागू लागला. आणि १९४७ नंतर सिंधी व पंजाबी कुटुंबे या शहरात वस्तीला आली. त्यांतल्या पंजाबी बायका उन्हात खाटेवर बसून, सुयांकडे न पाहता, बोलता बोलता विणत. आपल्या आयांनी शाळेत टाका शिकला, आणि ओट्यावर फंदा.

या विद्येला घराबाहेरचे कामही पडले. आपल्या मुलांना आपण थंडीत जी माकडटोपी घालतो, तिचे इंग्रजी नाव बालाक्लावा. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात त्या गावाजवळ लढाई झाली. त्या थंडीत कुडकुडणाऱ्या इंग्रज शिपायांसाठी मायदेशातून विणलेल्या टोप्या गेल्या, आणि पुढे टोपीला गावाचे नाव पडले. १९१४ च्या शरदात हिंदी पलटणी फ्रान्सला उतरल्या त्या पातळ सुती गणवेशात. आणि १९६२ साली आपल्याच हिमालयात तेच घडले. नामका चू नदीच्या काठी, दहा हजार फुटांहून उंच जागी, जवान सुती कपड्यांत उभे होते. २० ऑक्टोबरला चिनी हल्ला झाला आणि देशभरातल्या बायकांनी सुया हातात घेतल्या. संरक्षण निधीला त्यांनी दागिने दिले, हे पाठ्यपुस्तकांत आहे. त्यांनी स्वेटर, मोजे आणि मफलर विणले, हे मात्र ज्यांनी विणले त्यांनाच अधिक आठवते. महिनाभरात, २१ नोव्हेंबरला, युद्ध थांबले. एका सराईत बाईला पूर्ण बाह्यांचा स्वेटर विणायला साधारण तेवढेच दिवस लागतात. आपल्या घरात त्या वेळी कळत्या वयाच्या कुणी असतील, तर त्यांना अवश्य विचारा. कोणत्या रंगाची लोकर होती, आणि विणलेले नेऊन कुठे दिले. हे कागदावर कुठेही मिळणार नाही.

मग ही विद्या मागे का पडली? लुधियानाचे यंत्रावरचे स्वेटर स्वस्त झाले, शहरोशहरी हिवाळ्यात तिबेटी विक्रेते गरम कपडे घेऊन बसू लागले, आणि बायका नोकरीला लागल्या. यात रडण्यासारखे काही नाही. ज्या बाईला दिवसाचे आठ तास कार्यालयात जातात, तिने रात्री जागून स्वेटर विणावा, असे म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही. प्रश्न स्वेटरचा नाही, तो विकत मिळतो. हाताने हाताला दिलेली गोष्ट देणाराच उरला नाही, तर ती कुठल्या दुकानात मिळत नाही, एवढेच.

आता माझ्या शिकण्याविषयी. मी आधी पुस्तकावरून प्रयत्न केला. वीस टाके घातले. चार सुया विणेपर्यंत त्यांचे तेवीस झाले. धागा इतका आवळला, की दुसरी सुई आत शिरेना. मध्येच एक टाका निसटला आणि त्याची खालपर्यंत शिडी झाली. पुस्तकात सुलट टाक्याचे चित्र उत्तम होते, पण माझे कुठे चुकते हे पुस्तकाला दिसत नव्हते. आमच्या मागच्या घरात एक पंजाबी बाई राहतात. नव्वदीला टेकल्या आहेत, गल्लीत सगळे त्यांना बीजी म्हणतात. त्यांनी माझे काम हातात घेतले, आणि डोळ्यांना फारसे दिसत नसल्यामुळे अंगठ्याने चाचपून म्हणाल्या, ‘बेटा, किनारे पे धागा ऊपर से ले जाती हो, एक के दो फंदे हो जाते हैं.’ तेवीस का होतात ते मला त्या क्षणी कळले. दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली, ती न रडता उसवण्याची. उसवलेली लोकर वाया जात नाही. गुंडी करायची आणि पुन्हा घालायची.

महिनाभराने मी आईची बाही घेऊन गेले. बीजींनी ती मांडीवर घेतली, सुलट बाजू, उलट बाजू चाचपली आणि एकेक ओळ म्हणून दाखवली. दोन सीधे, दोन उल्टे, सहा सलाया. मग वर सगळे सीधे. मग दर आठव्या सलाईला दोन्ही कडांना एकेक फंदा वाढवलेला. मी मराठीत लिहून घेतले. आईने कुठेही न लिहिलेला नमुना तिच्या कामातच लिहिलेला होता. तो वाचणारी व्यक्ती तेवढी हवी होती. बाही मी पूर्ण केली. आईचे टाके संपून माझे कुठे सुरू होतात, ते अजूनही दिसते. माझे जरा घट्ट आहेत.

म्हणून शेवटी, वाचकहो, एक साधी विनंती. आपल्या घरात किंवा शेजारी विणणारे कुणी असेल, तर या हिवाळ्यात सुयांची एक जोडी घेऊन त्यांच्याजवळ बसा. मुलगे असतील तरी बसा; युरोपात एके काळी हा पुरुषांच्या संघांचा धंदा होता. आठ नंबरच्या सुया आणि फिक्या रंगाची, जरा जाड लोकर घ्या, म्हणजे टाके दिसतील. वीस टाके घाला, दहा सुया सुलट विणा, मग उलट शिका. वीसचे तेवीस होतील. झाले की विचारा.